सोड म्हणेपर्यंत

१

काकूंच्या उजव्या पायाची ख्याती मोठी होती. त्या पायाने पस्तीस वर्षं शिलाई मशीन चालवलं होतं आणि अठ्ठावीस वर्षं काकांच्या गाड्यांचे ब्रेक दाबले होते. सगळी गल्ली या जोडप्याला काका-काकू म्हणायची. काका पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, आता निवृत्त होऊन घरी बसले होते, म्हणजे गॅरेजात बसले होते. जुन्यापुराण्या गाड्या आणून त्या पुन्हा चालत्या करायचं वेड त्यांना नोकरीत असल्यापासूनचं. कोणी कौतुक केलं की ते हात झटकून म्हणत, "माझं काय आहे त्यात? सगळं हिच्या पायावर उभं आहे." काकू लगेच दुसरीकडे बघत, पण काकांचं वाक्य पुरं होईपर्यंत तिथून हलत मात्र नसत.

ब्रेकची हवा काढणं हे दोन माणसांचं काम. ब्रेकच्या नळ्यांमध्ये तेल असतं, आणि त्या तेलात हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी पेडल लोण्यात रुतावं तसं आत जातं आणि चाक काही धरत नाही. म्हणून एकाने वर सीटवर बसून पेडल दाबायचं. दुसऱ्याने गाडीखाली निजून चाकामागचा बारका स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर हवा बाहेर पडते, पेडल तळाला जातं. मग खालच्याने स्क्रू आवळायचा, आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेल्या कामावर बोळा फिरतो.

गाडीखालून ओरडलेलं वर धड ऐकू येत नाही, आणि काका ओरडले की शेजारच्या खिडक्या उघडत. म्हणून दोघांनी ठोक्यांच्या खुणा ठरवल्या होत्या. खालून पान्याचा एक ठोका म्हणजे दाब. काकूंनी दाबायचं आणि डावी टाच गाडीच्या तळपत्र्यावर एकदा आपटायची, म्हणजे दाबलं. दोन ठोके म्हणजे सोड. तीन ठोके म्हणजे झालं, उतर. अठ्ठावीस वर्षांत या खुणांमध्ये चूक झाली नव्हती. संसारात एवढं न चुकता चाललेलं दुसरं काही आपल्याला आठवत नाही, असं काकूच म्हणत.

२

गडद हिरव्या रंगाची ती गाडी त्यांना एका वृद्ध बाईंकडून मिळाली. बाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मागचा डावा मडगार्ड कोणीतरी ठोकून सरळ केलेला दिसत होता. काकांनी त्यावरून हात फिरवला, पण काही विचारलं नाही. जुन्या गाड्या घेताना किती विचारावं आणि कुठे थांबावं, हे त्यांना चांगलं कळत असे.

बाई पायरीवर उभ्या होत्या. कागदावर सही झाली, गाडी ओढून न्यायला ट्रक आला, तरी त्या आत गेल्या नाहीत. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ब्रेक कोण दाबणार?"

"ही," काका म्हणाले. "हिच्याशिवाय दुसरं कोण?"

बाईंनी काकूंच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पुढचे आठ महिने घराचं गॅरेज आणि गॅरेजचं घर झालं. काकांनी इंजिन सुटं करून नट-बोल्ट काकूंच्या बटणांच्या डब्यांमध्ये भरले. मग बटणं कुठे गेली म्हणून दोन दिवस अबोला झाला आणि तिसऱ्या दिवशी मिटलाही. काकूंनी सीटना मरून रंगाचं रेक्झिन शिवलं. पान्यांसाठी जाड कॅनव्हासची गुंडाळी शिवली, तिला दहा पान्यांचे दहा कप्पे, डावीकडून लहान ते मोठा. काम संपलं की काका दहाही कप्पे मोजत आणि मगच हात धुवायला जात.

तळाला पायपोस शिवायचं माप घ्यायला काकू एकदा गाडीत वाकल्या, तेव्हा त्यांना ते दिसलं. चालकाच्या पायाशी, डावीकडे, पत्र्यावरचा रंग नाण्याएवढ्या जागेत घासून गेला होता. गुळगुळीत, गोल, मधोमध थोडा खोलगट. काकूंनी सीटवर बसून उजवा पाय पेडलवर ठेवला आणि डावी टाच सहज खाली टेकवली. ती नेमकी त्या खड्ड्यात बसली.

म्हणजे त्या घरातही हीच रीत होती तर. काकूंना आधी गंमत वाटली. मग त्यांनी टाच उचलून घेतली आणि माप न घेताच त्या बाहेर आल्या.

३

हवा काढायचा पहिला दिवस रविवारचा. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चारही चाकं जमिनीपासून वीतभर वर. पेडलपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं हा नियम, त्यामुळे सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. काकांनी स्क्रूला रबरी नळी लावली, तिचं दुसरं टोक तेलाच्या काचेच्या बाटलीत बुडवलं आणि ठोका दिला.

काकूंनी दाबलं. टाच वाजवली. पेडल खाली गेलं.

"तीन बुडबुडे," खालून काका म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा तीन. दहा वेळा केलं, दहाही वेळा तीन. बाकीच्या तीन चाकांची हवा अर्ध्या तासात निघाली. मागच्या डाव्याची निघेना. काकांनी वायसर बदलले, नळी बदलली, पुढच्या रविवारी चाकामागचं सिलिंडरही नवीन बसवलं. बुडबुडे तीनच.

"हवा म्हणजे हवा," काका म्हणाले. "ती आत येते म्हणजे कुठून तरी येते. भोक असणार. भोक दिसत नाही एवढंच."

"तेल गळतंय का?"

"थेंबसुद्धा नाही. तीच तर भानगड आहे."

काकूंनी उतरून बाटली पाहिली. काकांनी स्क्रू किंचित सैल ठेवला होता. एक बुडबुडा वर आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. मग तेवढ्याच वेळाने तिसरा. पेडलवर कोणाचाच पाय नव्हता. काका म्हणाले, तेल आपल्या वजनाने उतरतं, त्यात काही नवल नाही. हे खरंच होतं, काकूंनाही ते ठाऊक होतं. तरी चौथ्या बुडबुड्याची वाट बघत त्या तिथे उभ्या राहिल्या, आणि तो आला नाही.

चौथ्या रविवारी बुडबुडे आपोआप थांबले. पेडल दगडासारखं टणक झालं. काका एवढे खूश झाले की त्यांनी काकूंचा हात धरून गॅरेजात एक गिरकी घेतली. आठ दिवसांनी जुन्या गाडीवाल्यांचा मेळा होता, टेकडीच्या पलीकडे, उताराच्या रस्त्याने. हिरवी गाडी तिथे जाणार हे ठरलं.

४

मेळ्याच्या आदल्या सोमवारी काकांनी शेवटची एक फेरी घ्यायची ठरवली. मागची दोन्ही चाकं झाली. पुढचं डावं झालं. राहिलं पुढचं उजवं, म्हणजे काकूंच्या दाराजवळचं. दार उघडं होतं. काकांचे गुडघे आणि तेलकट पायजमा काकूंना बसल्या जागेवरून दिसत होता.

एक ठोका. दाबलं. टाच. पेडल खाली गेलं, काकूंनी ते तळाशी धरून ठेवलं. काका स्क्रू आवळणार, एवढ्यात ठोका पडला.

एकच. मागून, डावीकडून.

काकू दचकल्या आणि पाय सुटला. जेमतेम क्षणभर, पेडल दोन बोटं वर आलं असेल. त्यांनी ते लगेच परत दाबलं. काकांचे गुडघे समोरच होते, पुढच्या चाकापाशी. मागे कोणी नव्हतं. घोड्यावरचं लोखंड ऊन लागून कुरकुरतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. लोखंड ऊन लागल्यावर कुरकुरतं हे खरं आहे. पण त्या गॅरेजात ऊन दुपारी चारनंतर येत असे, आणि आत्ता सकाळचे दहा वाजले होते.

काकांनी दोन ठोके दिले. "धरलं होतंस ना नीट?" त्यांनी सवयीने विचारलं.

काकूंनी उत्तरादाखल टाच वाजवली. ती खड्ड्यात बसली.

त्या दिवशी चहाच्या वेळी सांगायचं असं त्यांनी ठरवलं. चहा झाला आणि सांगायचं राहिलं. मंगळवारी शेजारचे बघायला आले आणि काका म्हणाले, "हिच्या पायात कधी चूक नाही, अठ्ठावीस वर्षांत." मग तर आणखीच अवघड झालं. पेडल दाबून पाहिलं तर घट्ट लागत होतं. कदाचित हवा गेलीच नसेल. नळीचं टोक तेलात होतं, मग आत तेलच ओढलं गेलं असेल. काकूंनी हे सगळं स्वतःला एखाद्या वकिलासारखं पटवून दिलं, आणि तरी त्या आठवड्यात त्यांची शिवण दोनदा वाकडी गेली.

५

गुरुवारी काकूंना निमित्त सापडलं. मागच्या सीटचं जुनं कापड फाडताना त्यांना त्यात घराची एक चावी मिळाली होती. ती द्यायला म्हणून त्या एकट्याच त्या वृद्ध बाईंकडे गेल्या.

बाईंनी चावी हातात घेतली, उलटसुलट केली आणि टेबलावर ठेवून दिली. खोली नीटनेटकी होती. भिंतीवर बेल होती, जुनी, पितळी वाटीची. तिच्या वाटीत कापडाचा बोळा कोंबलेला होता.

"हवा येते का अजून?" बाईंनी विचारलं.

"थांबली."

"मागच्या डाव्याची ना?"

चाकाचं नाव काकूंनी कुणाहीजवळ काढलं नव्हतं.

"तुमचं कसं आहे?" बाई म्हणाल्या. "दोन ठोक्यांना सोडायचं?"

"हो. दोन ठोक्यांना."

"आमचंही तेच." बाईंनी आपल्या चपलांकडे पाहिलं. "त्या दिवशी बेल वाजली. टपालवाला होता. माझा पाय उचलला गेला, मी परत ठेवला. एवढंच. त्यांनी खालून विचारलं, धरलंस ना. मी टाच वाजवली."

"मग?"

"मग काय, संध्याकाळी ते गाडी घेऊन गेले." त्यांनी चावी टेबलाच्या कडेपासून थोडी आत सरकवली. "सांगितलं असतं तर पंधरा मिनिटांचं काम होतं. रागावलेसुद्धा नसते."

काकू उठल्या. दारापर्यंत सोडायला बाई आल्या आणि तिथे, अगदी साध्या आवाजात, म्हणाल्या, "ते अर्धवट काम सोडायचे नाहीत कधी. तेवढं लक्षात ठेवा."

६

तरीही काकूंनी सांगितलं ते रविवारीच. माणूस असाच असतो.

काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भांग पाडून तयार होते. जॅक हातात घेऊन ते गाडी घोड्यांवरून उतरवायला निघाले होते. काकू गॅरेजच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"अहो, थांबा. मला काहीतरी सांगायचंय."

"येऊन सांग. उशीर होतोय."

"येऊन नाही. सोमवारी माझा पाय सुटला होता. स्क्रू उघडा असताना. मी टाच वाजवली पण ती खोटी वाजवली."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. मागून आलेला ठोका सांगितला, बाईंकडे गेल्याचं सांगितलं, टपालवाला आणि बेल, सगळं. सांगताना त्यांना रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. काका ऐकत होते. त्यांनी जॅक खाली ठेवला. शर्टाची बटणं काढली, शर्ट खिळ्याला अडकवला आणि जुना सदरा चढवला.

"एवढंच ना," ते म्हणाले. "चल, बस वर."

"रागावला नाहीत?"

"उतारावर कळण्यापेक्षा इथे कळलं, मग रागावू कशाला? बस." मग गाडीखाली शिरता शिरता म्हणाले, "ठोक्याचं म्हणशील तर लोखंड आवाज करतंच. त्यात काही नाही."

चारही चाकं त्यांनी पुन्हा घेतली, नियमाप्रमाणे लांबच्यापासून. पुढच्या उजव्या चाकाला खरंच हवा निघाली. एक मोठा बुडबुडा, मग फेस. मेळ्याच्या वाटेवरचा तो उतार दोघांनाही माहीत होता. शेवटी पेडल टणक झालं, तीन ठोके पडले, आणि काकूंच्या छातीवरचं ओझं सहा दिवसांनी उतरलं. पुरती पंधरा मिनिटंही लागली नव्हती.

काकांनी बाटली रिकामी करून फळीवर ठेवली. पाने पुसून गुंडाळीत घातले, दहा कप्पे मोजले, आणि गुंडाळी काकूंच्या शेजारच्या सीटवर उघडीच टाकून ते हात धुवायला गेले.

७

काकू उतरल्या नाहीत. नवीन रेक्झिनवर बसून बरं वाटत होतं. गाडीचं तोंड फाटकाकडे होतं. समोरच्या काचेतून काका दिसत होते, अंगणातल्या नळाशी वाकलेले, कोपरापर्यंत साबण. नळाचं पाणी बादलीत पडत होतं. कुठेतरी कोणी गादी झटकत होतं.

एक ठोका पडला.

मागून, डावीकडून. मोठा नाही, लहान नाही. पाना पत्र्यावर टेकवून मनगटाने द्यावा तसा, सवयीचा.

काका नळाशीच होते. दुसऱ्या कोपराला साबण लावत होते.

काकूंनी पेडल दाबलं. का दाबलं हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अठ्ठावीस वर्षं एका ठोक्याला दाबलं होतं, तसंच आताही दाबलं. पेडल दगडासारखं घट्ट होतं. काकूंनी डावी टाच उचलली आणि खड्ड्यात वाजवली. दाबलं.

मग पेडल हळूहळू खाली जायला लागलं. खाली कोणीतरी सावकाश, काळजीने, एकेक आटा स्क्रू सैल करावा तसं. तळाला टेकलं. काकूंनी ते धरून ठेवलं.

काका पंच्याने हात पुसत आले. "उतर की आता. गाडी खाली घेतो."

"अजून दोनदा वाजलं नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, त्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"अगं, मी तिकडे नळावर होतो." काका हसले. हसता हसता त्यांनी खाली काकूंच्या पायाकडे पाहिलं. पेडल पत्र्याला टेकलेलं होतं. पाच मिनिटांपूर्वी तेच पेडल टणक झालं होतं. स्क्रू उघडल्याशिवाय ते तिथवर जाऊ शकत नाही, हे या गल्लीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी गाडीखाली नजर टाकली. फरशी कोरडी होती.

मग त्यांची नजर सीटवरच्या गुंडाळीवर गेली, आणि काकूंचीही गेली. नऊ कप्प्यांत नऊ पाने होते. डावीकडचा पहिला, सगळ्यात लहान पान्याचा कप्पा रिकामा होता.

काका गाडीला वळसा घालून मागे गेले. आरशात काकूंना त्यांची पाठ दिसली. मागच्या डाव्या चाकापाशी ते गुडघ्यांवर बसले, मग वाकले, मग दिसेनासे झाले. काकूंनी कान दिले. गादी झटकायचा आवाज थांबला होता. नळ थेंब थेंब गळत होता. काका काही बोलले नाहीत, काही ओढलं नाही, कशाला धक्का लागला नाही. खाली वाकून बघायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

आरशात ते पुन्हा वर आले. त्यांनी पंचा हातावरून काढला, नीट घडी केली, खाली वाकले आणि तो गाडीखाली ठेवला. कामात असलेल्या माणसाच्या हाताशी लागेल असा. मग ते काकूंच्या दाराशी येऊन उभे राहिले. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, पण हात स्थिर होते.

"धरून ठेव," ते म्हणाले.

"कुठवर?"

काका जुन्या गाड्यांबद्दल बोलत तसंच बोलले, हळू आणि अदबीने. "ते सोड म्हणतील तोवर."

काकूंनी मान हलवली. पोटरीत कळ यायला लागली होती, पण पाय हलला नाही. काकांनी जाऊन फाटक लावून घेतलं. मग ते घरात गेले आणि कोणी वाजवू नये म्हणून त्यांनी दाराच्या बेलचं बटण बंद केलं.